दोन बरण्या

जळगावात तीन दिवसांचं शिबिर झालं.
फोल्डर मिळालं, निळा पेन, प्रमाणपत्र,
आणि दर शनिवारी
पोरांना सकारात्मक करण्याची जबाबदारी.

एप्रिल. सकाळची शाळा.
साडेनऊला पत्रे तडतडायला लागतात.
मी म्हटलं, डोळे मिटा,
छातीत पांढरा प्रकाश आहे, तो पाहा.
जामसिंग पावराला लगेच दिसला:
काकाच्या दुकानातलं वेल्डिंग.
चेतना फेगडेला काही दिसेना,
दोनदा म्हणाली, "अजून नाही, बाई,"
तिसऱ्यांदा विचारलं तर झोपली होती.

मी म्हटलं, काय हवं ते विश्वाला सांगा,
विश्व ऐकत असतं.
मागून प्रश्न आला,
"वो बाई, त्याले आपली बोली समजते का?"
फोल्डरमध्ये याचं उत्तर नव्हतं.
म्हटलं, समजत असेल. सावकाश बोला.

चौथ्या शनिवारी बरण्या.
लोणच्याच्या दोन, काचेच्या,
दोन्हींत एकाच पातेल्यातला भात, मूठ मूठ.
एकीवर चिठ्ठी: तू छान आहेस.
दुसरीवर: तू वाईट आहेस.
रोज एकीशी गोड बोलायचं, दुसरीला रागवायचं.
आठ दिवसांत म्हणे गोड बोललेला भात पांढराच राहतो,
दुसरा काळा पडतो. शब्दांची शक्ती.
शिबिरातल्या ताईंनी फोटो दाखवले होते.
मीही मान हलवली होती, चहा यायचा होता.

गोड बोलायला रांग लागली.
रागवायला कोणी उठेना,
तेव्हा सगळ्यांनी लतीफकडे पाहिलं. मीही.
लतीफ तडवी, पाचवी, शेवटचा बाक,
ज्याला रोज कोणी ना कोणी बोलतं.
तो उठला, हात मागे बांधून बरणीसमोर उभा राहिला:
"डोक्यात भुसा भरलाय का?
कितीदा सांगायचं?
उद्या बापाला घेऊन ये."
वर्ग हसला.
आवाज माझा होता. अगदी माझा,
खोकल्यासकट.

मंगळवारी मी लवकर गेले.
माठ भरायची पाळी लतीफची.
दार लोटलेलं, आत तो उकिडवा बसलेला,
ओठ बरणीच्या झाकणाला लावून:
"घाबरू नको रे भो.
मी काही खरं बोलत नाही.
बाईनं सांगतलं म्हून बोलतो."
मी व्हरांड्यात मागे आले,
चपला वाजवल्या, कुलूप वाजवलं,
मग आत गेले.

बुधवारी भात नासला.
यावलचं ऊन चिठ्ठ्या वाचत नाही.
छान भात आधी गेला, तो खिडकीत होता,
त्यावर हिरवी लव, आणि असा वास
की रावेरकडे केळी नेणारा ट्रकवाला
शाळेपुढे थांबला होता, तो निघून गेला.
वाईट भात माठाच्या आडोशाला,
त्याला एक दिवस जास्त मिळाला.
"लाडानं सडला, बाई!" चेतना ओरडली,
आणि टाळ्या.

अहवाल द्यायचा होता.
निरीक्षण: भात नासला. दोन्ही.
निष्कर्ष:
इथे मी निळा पेन बराच वेळ धरला,
एक नाव लिहिलं, खोडलं,
टोपण लावलं.

शेवग्याखाली खड्डा करून भात पुरला.
बरण्या राखेनं घासल्या.
छानची चिठ्ठी पहिल्या पाण्यातच निघाली.
दुसरीला डिंक जास्त लागला होता,
नखानं, विळ्यानं, रॉकेलनं,
नाहीच निघाली. अजून आहे.

आता तीत खडू ठेवतो.
खडू काढताना पोरं झाकणावर टिचकी मारतात,
म्हणतात, "नाही रे भो."
मी हे शिकवलेलं नाही.
जामसिंग तर दिवसातून चारदा खडू आणायला उठतो,
फळा कोरा असला तरी.

लतीफ तिच्याशी काही बोलत नाही.
त्यांचं आधीच बोलून झालंय.